आल्याच्या मुळांची पंगत

संस्कृतांत आल्याला ‘आर्द्रक’ म्हणतात. आर्द्र म्हणजे ओलें. तेंच वाळलें म्हणजे ‘शुंठी’ होतें आणि वैद्य त्याला ‘विश्वभेषज’ अशी मोठी पदवी देतात. चहांत, आमटींत व सर्दीच्या काढ्यांत आपण ज्याचा नित्य उपयोग करतों, तें हें आलें ज्या ओलीवर वाढतें, त्याच ओलीनें कुजतेंही. आमच्या पिशोर भागांत, कन्नड तालुक्यांतील अंजना नदीच्या खोऱ्यांत, याला ‘अद्रक’ म्हणतात व त्याची लागवड मोठी आहे. श्रावण-भाद्रपदांत येथील शेतकऱ्याला घोर लागतो तो ‘सडी’चा.

प्रथम खालच्या पानांचे शेंडे पिवळे पडतात. मग बुंधा पाणचट व मऊ होतो आणि खोड ओढतांच अलगद हातांत येतें. खालीं पाहावें तों कंदाचा दुर्गंधी लगदा झालेला! वैशाख-ज्येष्ठांत महाग बेणें घेऊन लावलेलें, आठ-नऊ महिन्यांनीं हातीं यावयाचें हें पीक मध्येंच गेलें, म्हणजे वर्षाचें भांडवल गेलें.

हा रोग नवा नव्हे. पुसा येथील शास्त्रज्ञ बटलर यांनीं १९०७ सालींच सुरतेकडील आल्यावर त्याची नोंद केली होती. त्याचा एक मुख्य कर्ता ‘पिथियम’ होय. त्याला बुरशी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आजच्या वर्गीकरणाप्रमाणें तो खऱ्या बुरशींचा आप्त नसून तपकिरी शेवाळांचा दूरचा भाऊबंद ठरतो. त्याच्या चल बीजाणूंना शेपटीसारखे दोन तंतू असतात. साचलेल्या पाण्यांत ते पोहूं लागतात व थेट मुळाशीं येतात. त्यांना वाट कोण दाखवितें? मूळच!

झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा कांहीं भाग मुळांवाटे मातींत पाझरवितें. मुळांभोंवतालच्या या प्रदेशाला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानें १९०४ मध्यें स्वतंत्र नांव दिलें. झाडानें तेथें जणूं अन्नछत्रच घातलेलें असतें. अन्नछत्रांत सज्जन जेवतात, तसा चोरही येऊन बसतो. सज्जनांपैकीं एक म्हणजे ‘ट्रायकोडर्मा’ ही हिरवट बुरशी. ती पिथियमच्या तंतूंना वेढे घालते, आपल्या पाचक रसांनीं त्यांच्या भिंती विरघळविते, शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. ही बुरशी इतर बुरशींना खाऊन जगूं शकते, हें विंडलिंग यांनीं १९३२ मध्यें दाखविलें. कांहीं उपकारक जंतू मातींतील लोह आधींच उचलून शत्रूला उपाशी ठेवतात. थोडक्यांत, पंगत भरलेली असली, म्हणजे चोराला पान मिळणें कठीण.

परंतु शेतांत पाणी तुंबलें, म्हणजे हवेवांचून सज्जन उठून जातात व पोहणारा चोर तेवढा उरतो. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातींत वर्षानुवर्षें टिकतात. कुजलेले गड्डे नाल्यांत फेकल्यास तो पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतांतही जातो. पानें पिवळीं पडल्यावर ओतलेलें औषध भोंवतालचीं निरोगी झाडें कदाचित् वाचवील. कुजलेला कंद मात्र परत येत नाहीं. शिवाय कांहीं बुरशीनाशकें पंगतींतल्या सज्जनांनाही मारतात.

म्हणून खरी काळजी लावणीपूर्वींची. बेणें निरोगी शेतांतलें निवडावें. उंच गादीवाफे करून पाण्याला वाट द्यावी. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत ट्रायकोडर्मा मिसळून घालावा. आल्यावर लगेच आलें किंवा हळद घेऊं नये. रोगट गड्डे उपटून नष्ट करावे. ट्रायकोडर्मा म्हणजे मंत्राचें पाणी नव्हे. खत व हवा नसेल, तर तोही तग धरणार नाहीं. प्रमाणाविषयीं परभणीच्या कृषि विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची जमीन गांवीं असते व ते शहरांत बसून हिशेब पाहतात. लावणीपूर्वीं शेणखताला पैसे मागितले कीं ते हात आंखडतात, आणि भाद्रपदांत औषधासाठीं तार आल्यासारखे धांवत पैसे पाठवितात. यंदा हा क्रम त्यांनीं उलटा करून पाहावा. जो शेतांत राबतो, त्यानें वैशाखांत खत मागितलें, तर तें त्याला वेळेवर मिळावें.