आमचाच संघ जिंकणार!

महत्त्वाच्या सामन्यांच्या आदल्या दिवशी कोणत्याही चाहत्याला विचारून पाहा. तो ठामपणे सांगतो, ‘आमचाच संघ जिंकणार!’ वाक्य तीनच शब्दांचे आहे, पण ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. मराठीत ‘जिंकेल’ आणि ‘जिंकणार’ या दोन रूपांत सूक्ष्म भेद आहे. ‘जिंकेल’ या रूपात अंदाज असतो, तर ‘जिंकणार’ या रूपात निश्चय असतो. चाहता सहसा ‘जिंकेल’ म्हणत नाही. दुसरा शब्द ‘आमचा’. ज्या खेळाडूंनी या चाहत्याला कधी पाहिलेही नाही, त्यांच्या संघाला तो ‘आमचा’ म्हणतो. हा निश्चय आणि हे आपलेपण कोठून येते? त्याला भाबडेपणा म्हणावे की आणखी काही?

काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या तेथील तरुणांना आज अमेरिकेतील बास्केटबॉलचे सामनेही मोबाइलवर पाहता येतात. तिकडची रात्र ती आपली सकाळ. त्यामुळे घाटांवर स्नानाची गर्दी असते, त्या वेळी एखाद्या घरात कोणीतरी सातासमुद्रापलीकडील संघासाठी श्वास रोखून बसलेले असू शकते. त्या स्पर्धेत ३० संघ असतात. एका हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यानंतर १६ संघ ‘प्लेऑफ’ नावाच्या अंतिम टप्प्यात जातात. तेथे एका सामन्यावर निकाल लागत नाही. दोन संघांत जास्तीत जास्त सात सामन्यांची मालिका होते आणि जो आधी चार सामने जिंकतो, तो पुढे जातो. अशा मालिकेच्या पूर्वसंध्येला चाहत्याचा विश्वास शिगेला पोहोचतो.

या विश्वासाचे मोल समजून घेण्यासाठी सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे उदाहरण पाहू. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या पुढाकाराने एका गटाने २०१३ मध्ये हा संघ विकत घेतला. त्या वेळी तो सिएटल या दुसऱ्या शहरात नेला जाण्याची चिन्हे होती. ते टळले आणि संघ सॅक्रामेंटोतच राहिला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हाच संघ मुंबईत वरळी येथे इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळून गेला. मात्र तेव्हाही त्याचे दिवस वाईटच होते. २००६ नंतर सलग १६ हंगाम या संघाला प्लेऑफमध्ये स्थान मिळाले नाही. त्या स्पर्धेच्या इतिहासात इतकी दीर्घ प्रतीक्षा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नव्हती.

अखेर २०२३ मध्ये किंग्ज प्लेऑफमध्ये पोहोचले. समोर होते आदल्या वर्षीचे विजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स. पूर्वी रणदिवे यांची भागीदारी याच संघात होती, हा एक योगायोगच. किंग्जच्या चाहत्यांनी ‘आम्हीच जिंकणार’ म्हटले आणि पहिले दोन सामने किंग्जने खरोखरच जिंकले. पुढचे तीन वॉरियर्सने जिंकले. त्यांपैकी एक तर केवळ एका गुणाच्या फरकाने. सहावा सामना किंग्जने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर जिंकला. सातव्या सामन्यात मात्र वॉरियर्सच्या स्टीफन करीने एकट्याने ५० गुण मिळवले आणि किंग्ज १००-१२० असे पराभूत झाले.

आता प्रश्न असा, की त्या चाहत्यांचा विश्वास खोटा ठरला का? केवळ हिशेब मांडणारा म्हणेल, ‘ठरला!’ त्याचा हिशेबही चुकीचा नाही. समजा, एखादा संघ इतका बलवान आहे, की कोणताही एक सामना जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात ६० आहे. गणिताने पाहिले तर सात सामन्यांची मालिका जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात सुमारे ७१ इतकी होते. म्हणजे सामने वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो. पण तो नाहीसा होत नाही. चांगल्या संघाच्या वाट्यालाही शंभरात सुमारे २९ वेळा पराभव येतोच. मग ‘जिंकणारच’ असे म्हणण्याला आधार काय?

माझ्या मते, चाहत्याचा विश्वास हे भाकीत नसतेच. म्हणून भाकिताच्या तराजूत तो तोलणे योग्य नव्हे. शिक्षण मध्येच सुटलेली एखादी गृहिणी वयाच्या चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसते, तेव्हा तिची थोरली बहीण म्हणते, ‘तू उत्तीर्ण होणार!’ त्या बहिणीने निकालाचा अंदाज वर्तवलेला नसतो. ‘निकाल काहीही लागो, मी तुझ्या बाजूने उभी आहे,’ एवढेच तिला सांगायचे असते. मात्र या शब्दांना अर्थ केव्हा येतो? अभ्यासाच्या वेळी ती घरातील दोन कामे आपल्याकडे घेते, तेव्हा. ज्या विश्वासासाठी आपण काहीच देत नाही, तो बोलण्यापुरता असतो. किंग्जच्या चाहत्यांनी १६ हंगाम आपला वेळ दिला, निराशा सोसली आणि पुन्हा येऊन बसले. म्हणून ‘जिंकणार’ म्हणण्याचा अधिकार त्यांना होता आणि पराभवानेही तो हिरावला गेला नाही.

तरीही या विश्वासाला दोन मोठे धोके आहेत. पहिला धोका पैजेचा. ‘आमचाच संघ जिंकणार’ या वाक्यापाठोपाठ ‘लाव पैसे’ हे शब्द आले, की सोबतीचे रूपांतर सौद्यात होते. बाजारात तुरी असताना घरात भांडण करावे, तसा हा प्रकार. मोबाइलवरील पैशांच्या खेळांत महिन्याची मजुरी घालवून बसलेल्यांच्या घरी काय घडते, हे सांगायला नको. संसदेने २०२५ मध्ये अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामागे हीच चिंता होती. दुसरा धोका द्वेषाचा. आपल्या संघावर प्रेम करण्यासाठी समोरच्या संघाला शिव्या देण्याची गरज नसते. करीचे ५० गुण पाहून ज्या किंग्जच्या चाहत्याने मनातल्या मनात दाद दिली असेल, त्याला खेळ खऱ्या अर्थाने कळला असे मी म्हणेन.

येथे आणखी एक आक्षेप घेतला जाईल. काशीत राहून सॅक्रामेंटोची काळजी कशाला? दुरून डोंगर साजरे, एवढेच ना! या आक्षेपात तथ्य आहे. दूरचा संघ आवडण्यात काही गैर नाही. पण जवळच्या मैदानाकडे पाठ असेल, तर ते खटकते. याच वाराणसीने भारतीय बास्केटबॉलला दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा सिंह या चार बहिणी दिल्या. उदय प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर खेळून पुढे गेलेल्या या चौघीही भारताकडून खेळल्या. प्रशांती सिंह यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. किंग्जच्या खेळाडूंची नावे तोंडपाठ असलेल्या काशीतील किती तरुणांना ही नावे सांगता येतील?

भारताच्या महिला संघाने २०१७ मध्ये बंगळुरू येथे आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या गटात प्रवेश मिळवला. २०२१ मध्ये मात्र तो संघ पुन्हा खालच्या गटात गेला. पुण्याच्या शिरीन लिमये तेव्हा या संघाच्या कर्णधार होत्या. विजयाची वार्ता जेमतेम चार ओळींत आली, मग पराभवाची चर्चा कोण करणार? ज्या संघाकडे हजारो प्रेक्षक आहेत, त्याला आपल्या एका टाळीने फारसा फरक पडत नाही. ज्या मैदानाभोवती दहाच माणसे उभी आहेत, तेथे अकरावा माणूस मात्र खेळाडूंना नक्की दिसतो.

म्हणून पुढच्या मालिकेपूर्वी आपण खुशाल म्हणावे, ‘आमचाच संघ जिंकणार!’ त्यात हसण्यासारखे काही नाही. फक्त हे वाक्य उच्चारताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यावर पैसे लावू नयेत, त्यापायी कोणाला हिणवू नये आणि निकाल विरुद्ध लागला तरी ‘आमचा’ हा शब्द मागे घेऊ नये. जिंकलेल्या संघाला आपला म्हणणारे पुष्कळ भेटतात. हरलेल्या संघाला दुसऱ्या दिवशी ‘आमचा’ म्हणणारा माणूसच खरा चाहता असतो.