पावतीवर बाजारदरही छापा
पगार झाला की बर दुबईतल्या मनी एक्स्चेंजपुढे रांग लागते. परवा माझ्यापुढे रत्नागिरीकडचा एक सुतार होता. फोनवर बायकोला विचारत होता, “पोराच्या फीला किती लागतील गं?” काउंटरवर पाटी होती, ‘शुल्क नाही’. शुल्क नसेलही, पण त्यांची कमाई दरात दडलेली असते. बाजारभावापेक्षा वीस पैसे कमी दिले, तरी २,००० दिरहमांमागे ४०० रुपये गेले. आणि पावतीवर त्याचा मागमूस नाही! कष्टकऱ्याच्या घामाच्या पैशाला अशी कात्री लागणं मला अजिबात मान्य नाही.

दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे इथला रुपयाचा भाव डॉलरवरच ठरतो आणि तो मोबाइलवर कुणालाही दिसतो. मग पावतीवर छापायला अडचण कसली? पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. हा छुपा फरक दाखवल्याशिवाय ते कसं गाठणार?

तोवर, आखातातल्या माझ्या भावाबहिणींनो, नोटा पुढे करण्याआधी एवढंच विचारा: घरच्यांच्या खात्यात नेमके किती रुपये पडणार? आणि हाच प्रश्न शेजारच्या दुकानातही विचारा.