हंगाम आणि हंगामा

एका शब्दापासून सुरुवात करू. मराठीत 'हंगाम' म्हणजे मोसम. आंब्याचा हंगाम असतो, भातकापणीचा हंगाम असतो, तसाच फुटबॉलचाही हंगाम असतो. तुमच्या उर्दूत 'हंगामा' म्हणजे गर्दी, गलबला, आरडाओरडा. दोन्ही शब्द फारसीच्या एकाच घरातून आपल्याकडे आले. एरवी फुटबॉलच्या मैदानावर हे दोघे भाऊ बरोबरच येतात. २०२०-२१ साली मात्र हंगाम एकटाच आला. हंगामा घरी राहिला.

त्या वर्षी करोनाची साथ होती. साथीला तुम्ही वबा म्हणता. तुम्ही तेव्हा लहान होता, तरी तोंडावरची पट्टी आणि बंद शाळा तुम्हांला आठवत असेल. मी सांगणार आहे ते एका फुटबॉल संघाविषयी, पण बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. थोडा धीर धरा.

मुंबई सिटी हा २०१४ साली स्थापन झालेला व्यावसायिक फुटबॉल संघ. व्यावसायिक म्हणजे ज्यातील खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळतो. हा संघ इंडियन सुपर लीग या स्पर्धेत खेळतो आणि त्याचे घरचे मैदान मुंबईत अंधेरीला आहे. आम्हा जव्हार-मोखाड्याच्या माणसांचा त्या शहराशी संबंध रोजचा आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे अंधेरीच्या मैदानावरचे गवत आमच्याही डोंगरांतल्या पावसावर वाढते, असे मी गमतीने म्हणतो. आणि उन्हाळ्यात त्याच मोखाड्यातल्या बायका हंडा घेऊन पाण्यासाठी मैलभर चालतात, हे मात्र गमतीने म्हणता येत नाही.

१४ मार्च २०२० रोजी गोव्यात फातोर्डा येथे त्या वर्षीच्या सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एटीके संघाने चेन्नईयनला ३-१ असे हरवले. पण प्रेक्षकांना आत सोडले नव्हते. देशातली दुसरी मोठी स्पर्धा, आय-लीग, अर्ध्यावरच थांबवावी लागली. मोहन बागान पुढे होता, त्यालाच विजेता ठरवले. त्यानंतर दहाच दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली आणि सगळे खेळ थांबले. बाहेरच्या देशांतही हेच झाले, फक्त प्रत्येकाने आपापल्या परीने वाट काढली. हॉलंडने त्या वर्षी कोणालाच विजेता म्हटले नाही. फ्रान्सने हंगाम तिथेच संपवून पुढे असलेल्या संघाला विजेतेपद दिले. जर्मनीने १६ मे २०२० पासून रिकाम्या मैदानांवर पुन्हा खेळ सुरू केला.

आपल्याकडे पुढचा हंगाम २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला. ११ संघ होते. सर्वांनी गोव्यातच खेळायचे, असे ठरले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी मिळून ११५ सामने झाले. प्रत्येक संघाला वेगळे हॉटेल, सरावाला वेगळे मैदान. खेळाडूंनी हॉटेलातून मैदानावर जायचे आणि मैदानावरून हॉटेलात यायचे. बाजारात जायचे नाही, बाहेरच्या कोणाला भेटायचे नाही. पुन्हा पुन्हा नाकात काडी घालून तपासणी. या व्यवस्थेला 'बायो-बबल' म्हणत. बबल म्हणजे बुडबुडा. साबणाच्या बुडबुड्यात बसून महिनोन्‌महिने खेळायचे, अशी कल्पना करा!

मुंबई सिटीची सुरुवात वाईट झाली. २१ नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना ०-१ असे हरवले. अहमद जाहू या मोरोक्कोच्या खेळाडूला लाल कार्ड मिळाले. पण संघ सावरला. त्या संघात कोण कोण होते पाहा. गोलरक्षक आणि कर्णधार अमरिंदर सिंग, पंजाबचा. मुर्तदा फॉल, सेनेगलचा. मंदार राव देसाई, गोव्याचा. फारूख चौधरी, आपल्या अंबरनाथचा. अमेय रानवडे, मुंबईचा. बिपिन सिंग, मणिपूरचा. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी एटीके मोहन बागानला २-० असे हरवले. दोन्ही संघांचे गुण सारखेच, ४० झाले. पण आपसांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून साखळीत मुंबई पहिली आली.

१३ मार्च २०२१ च्या रात्री फातोर्ड्याला अंतिम सामनाही याच दोन संघांत झाला. जव्हारला एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही चारपाच जणांनी तो एका मोबाईलवर पाहिला. चित्र मधूनच थांबायचे. विश्रांतीच्या थोडे आधी अमेय रानवडे टक्कर होऊन पडला. त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. एरवी अशा वेळी हजारो लोक एकदम गप्प होतात. इथे गप्प व्हायलाही कोणी नव्हते. (तो पुढे बरा झाला.) सामना १-१ असा बरोबरीत होता. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई सिटी पहिल्यांदाच विजेता झाली. खेळाडू धावत कडेला गेले. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या.

तेव्हा काही लोक म्हणत होते, आणि आजही म्हणतात, की लोक मरत असताना खेळ कशाला हवा? इस्पितळात खाटा नाहीत आणि तुम्हांला चेंडू सुचतो! हा प्रश्न साधा नाही. तरीही खेळ झाला ते बरेच झाले, असे माझे मत आहे. एक तर खेळ हा खेळाडूंचा रोजगार आहे. फुटबॉलपटूचे चांगले खेळण्याचे दिवस दहाबारा वर्षांचे असतात; त्यातले एक वर्ष म्हणजे फार झाले. मैदानावर गवत कापणारा, कपडे धुणारा, खेळाडूंचे पाय चोळणारा, अशा कितीतरी माणसांची चूलही त्यावर चालते. शिवाय घरात कोंडलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास दुसरे काही पाहायला मिळाले, यात चूक काय? माझी तक्रार खेळ झाला ही नाही. माझी तक्रार आहे ती एवढ्या सगळ्यांतून फक्त मोठ्यांचाच हंगाम वाचवला गेला, ही.

आता आमच्याकडे या. जव्हार आणि मोखाडा डोंगरावर आहेत. सपाट जागा शोधावी लागते. इथे मुलांची मैदाने म्हणजे भाताची खाचरे. कापणी झाली की खाचर मोकळे होते. जमिनीत भाताची खुंटे असतात, ती पायाला टोचतात, पण खेळता येते. चेंडू जोरात मारला तर तो उतारावरून थेट ओहोळात जातो. मग ज्याने मारला त्यानेच आणायचा, हा आमच्याकडचा सर्वांत कडक नियम. पण गंमत पाहा. खाचरे मोकळी होतात त्याच सुमारास शेतातले कामही संपते आणि कितीतरी घरे वीटभट्टीवर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात. म्हणजे मैदान तयार होते तेव्हा खेळणारे गावात नसतात. भिवंडी-मुंब्र्याकडे शिकणाऱ्या तुमच्यापैकी कोणी भट्टीजवळून जाताना ही मुले पाहिलीही असतील. ती आमची मुले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अनेक घरे पायी चालत परत आली. सगळी मुले एकदम गावात होती, खाचरे मोकळी होती, आणि खेळायला बंदी होती! असा विचित्र उन्हाळा मी पाहिला नाही.

शाळाही बंद होत्या. मध्ये थोडे दिवस काही वर्ग उघडले, पुन्हा बंद झाले. २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत शाळांची घडी नीट बसली नाही. शाळा नाही म्हणजे शाळेच्या स्पर्धा नाहीत. सुब्रतो करंडक ही देशातली शाळांची सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा. तेव्हा ती १४ वर्षांखालील मुलांसाठी आणि १७ वर्षांखालील मुलामुलींसाठी असे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती झालीच नाही. २०२२ साली पुन्हा झाली. मोठ्या संघांना गोव्यात हॉटेले मिळाली. शाळकरी मुलांसाठी कोणी बुडबुडा फुगवला नाही. ते शक्यही नव्हते, हे मी समजू शकतो. लाखो मुलांना हॉटेलात कोण ठेवणार?

पण एक गोष्ट शक्य होती, आणि तिला पैसे लागत नव्हते. वयाची सूट.

हिशेब करून पाहा. एक मुलगा २०२० साली सोळा वर्षांचा आहे. १७ वर्षांखालील स्पर्धेचे त्याचे तेच वर्ष. स्पर्धा झाली नाही. २०२२ साली स्पर्धा झाली तेव्हा तो अठराचा होता. दार उघडले, पण आता त्याची उंची दारापेक्षा जास्त झाली होती. बिपिन सिंगचे एक वर्ष वाया गेले असते तर पुढच्या वर्षी तो खेळलाच असता, कारण मोठ्यांच्या संघात वयाची अट नसते. शाळकरी मुलाचा गेलेला हंगाम कायमचा जातो.

तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम. मग हे ऐका. टोकियोचे ऑलिंपिक २०२० ऐवजी २०२१ साली झाले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फुटबॉल संघात तीन खेळाडू सोडून बाकीचे २३ वर्षांखालचे असावे लागतात. स्पर्धा एक वर्ष पुढे गेली म्हणून त्या वेळेपुरती ही मर्यादा २४ केली गेली. कोणाचे काही बिघडले नाही. आपल्या राज्य शासनानेही डिसेंबर २०२१ मध्ये स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, साथीच्या काळात वय उलटलेल्या उमेदवारांना एक जादा संधी दिली. म्हणजे नियम बदलता येतो. कोणासाठी बदलायचा, एवढाच प्रश्न असतो.

आणि कोणासाठी बदलला नाही, तेही ऐका. १७ वर्षांखालील मुलींची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा २०२० साली भारतात व्हायची होती. आपल्या मुलींचा संघ यजमान म्हणून खेळणार होता. शिबिरे झाली, सराव झाला. साथीमुळे स्पर्धा आधी २०२१ च्या फेब्रुवारीवर ढकलली आणि मग रद्दच झाली. भारताला त्याऐवजी २०२२ ची स्पर्धा मिळाली. ती भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई इथे झाली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देशाची स्पर्धा देशाला परत मिळाली होती. पण २०२० साठी २००३ साली जन्मलेल्या मुली चालणार होत्या आणि २०२२ साठी २००५ च्या आधी जन्मलेली मुलगी चालत नव्हती. ज्यांनी तयारी केली त्यांतल्या ज्यांचा जन्म २००३ किंवा २००४ चा, त्या घरी बसल्या. पुरुषांना एक वर्षाची सूट मिळते आणि मुलींना मिळत नाही, याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. तुमच्या वर्गातल्या मुलींनी यावर जरूर बोलावे. वाद झाला तर होऊ द्या.

मोखाड्याकडचा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. तो गोलरक्षक होता. खाचरात खुंटांवर पडून त्याची कोपरे नेहमी सोललेली असत. २०१९ साली तो तालुक्याच्या स्पर्धेत खेळला. पुढच्या वर्षी जिल्ह्याला जायचे, असे त्याच्या सरांनी ठरवले होते. पुढचे वर्ष आलेच नाही. मोबाईलवर शाळा भरायची, पण त्याच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती आणि घरात मोबाईलही नव्हता. तो बापाबरोबर भट्टीवर गेला. शाळा सुरू झाल्यावर सर त्याला आणायला गेले. तो आला, दहावीही झाला. पण स्पर्धेच्या अर्जावर जन्मतारीख लिहिताना सरांचा हात थांबला. एखाद्याने तारीख खोटी लिहिली असती. सरांनी लिहिली नाही, आणि मुलानेही तसे करा म्हटले नाही. या दोघांबद्दल मला आदर आहे. ज्यांनी एक ओळीचा आदेश काढून त्यांना या पेचातून सोडवायला हवे होते, त्यांच्याबद्दल तसे म्हणवत नाही.

मुंबई सिटीचे पुढे चांगले झाले. साखळीत पहिले आल्यामुळे त्यांना आशियातल्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली आणि ११ एप्रिल २०२२ रोजी सौदी अरबस्तानात रियाध येथे त्यांनी इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला २-१ असे हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. मला त्याचा आनंदच आहे. त्या रात्रीही आम्ही ओट्यावर होतो.

तुम्ही आज ज्या वर्गात आहात, त्याच वर्गात २०२० साली असलेली मुले आता वीस-बावीस वर्षांची आहेत. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी भाईजान, कोणी आपा त्या वयाची असेल. ती तेव्हा काय खेळत होती आणि कोणती स्पर्धा हुकली, ते त्यांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहून वर्गात वाचा. आमचा गोलरक्षक आता वाड्याला एका कारखान्यात कामाला जातो. दिवाळीनंतर सुट्टीच्या दिवशी गावी आला की खाचरात लहान मुलांचा सामना लावतो आणि स्वतः शिट्टी घेऊन उभा राहतो. वय किती, असे तो कोणालाच विचारत नाही. चेंडू ओहोळात गेला तर मात्र ज्याने मारला त्यालाच आणायला पाठवतो.