न्यायाधीशांवरचा आक्षेप दुसऱ्यानेच तपासावा

दावा धुऱ्याचा असो की वाटणीचा, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पक्षकारांच्या तोंडून एक तक्रार ऐकू येते: "साहेब समोरच्या पार्टीचे आहेत." पुष्कळदा त्यामागे फेटाळलेल्या अर्जाचा राग असतो. पण कधी खरेच नाते असते, जुना व्यवहार असतो. तेव्हा काय करायचे, हे ठाऊक नसल्याने माणूस निकालाआधीच हरून बसतो.

कायद्याने वाट दिली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करा, असा अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे करता येतो. त्यासाठी पक्षपात सिद्ध करावा लागत नाही, रास्त शंका पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये माणकलाल खटल्यात सांगितले. मात्र कारण माहीत असूनही गप्प राहिलेल्याला नंतर हा आक्षेप घेता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

या व्यवस्थेत ज्यांच्यावर आक्षेप, त्यांच्याच हाती निर्णय राहत नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र हे संरक्षण उरत नाही. एक उदाहरण पाहा. पुणे महानगरपालिकेच्या 2014 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते की भूसंपादनाचा मोबदला सरकारी तिजोरीत ठेवला म्हणजे शेतकऱ्याला दिला, असे होत नाही. 2018 मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा यांच्या खंडपीठाने तो निकाल चूक ठरवला. मग हा वाद पाच न्यायाधीशांपुढे गेला आणि त्या घटनापीठाचे प्रमुखही न्या. मिश्राच होते. त्यांनी बाजूला व्हावे, ही मागणी त्यांनी स्वतःच 23 ऑक्टोबर 2019 रोजी नाकारली. मार्च 2020 मध्ये पुण्याचा निकाल रद्द झाला.

मागणी मान्य केली तर पक्षकार आपल्या सोयीचा न्यायाधीश निवडू लागतील, ही न्या. मिश्रांची भीती खोटी नाही. पैसेवाले तसे करतीलही. म्हणूनच आक्षेप खरा की डाव, हे तटस्थ माणसाने तपासायला हवे. वरिष्ठ न्यायालयांत असा आक्षेप त्या न्यायाधीशांना वगळून इतरांनी ऐकावा आणि कारणे लिहून निकाल द्यावा, असा नियम व्हायलाच हवा. जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा तेवढा हक्क आहे.