शेताचे फोटो विकायचेत? आधी किडीचं नाव बरोबर लिहा

मोबाईलवर काढलेले शेताचे फोटो ऑनलाइन विकले जातात का, असं बरेच जण विचारतात. जातात. पण कोणते, ते समजून घ्या.

सूर्यास्त, बैलजोडी, हिरवंगार शिवार असले फोटो शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉकवर ढिगानं पडलेत. भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा, हाही तसलाच जुना माल. त्यात आपली भर घालून उपयोग नाही. आपल्याकडं वेगळं आहे ते एकच. आपण रोज शेतात असतो आणि काय बघतोय ते आपल्याला कळतं.

मक्यावरची लष्करी अळी घ्या. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा आढळली. नुसता ‘पानावरची अळी’ असा फोटो कुणाच्या कामाचा नाही. डोक्यावरची उलट्या वायसारखी खूण आणि शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके स्पष्ट आले, तर तो पुस्तकवाल्याला, बियाणे कंपनीला, माहितीपत्रक काढणाऱ्याला लागतो. तसंच कपाशीतली डोमकळी, फोडलेल्या बोंडातली गुलाबी अळी, डाळिंबावरचा तेल्या. किंवा एकाच जागेवरून काढलेलं उगवणीपासून काढणीपर्यंतचं पीक.

गिऱ्हाईक फोटो शब्दांनी शोधतं. म्हणून पीक, अवस्था, भाग आणि शास्त्रीय नाव इंग्रजीत लिहा. लष्करी अळीचं नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. नाव चुकलं तर फोटो खपणार नाही, ही लहान गोष्ट. तो चुकीच्या नावानं खपला, तर कुठंतरी शेतकरी तो बघून भलतंच औषध मारेल, ही मोठी. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, मगच टाका.

फोटो किमान ४ मेगापिक्सेलचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून मूळ फाइल जपा. सकाळचं कोवळं ऊन बघा, लेन्स पुसा, एका बाजूला मजकुराला जागा सोडा. औषधाच्या बाटलीवरचं, ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव दिसू देऊ नका.

पैशाचं खरं सांगतो. अ‍ॅडोबी फोटोवर ३३ टक्के देतं. शटरस्टॉक १५ ते ४० टक्के, आणि दर जानेवारीत पुन्हा खालच्या पायरीवरून सुरुवात. एका डाउनलोडला १० सेंटही पडू शकतात. यावर घर चालणार नाही. पण चांगला फोटो पुन्हा पुन्हा विकला जातो.

आता माझा खरा मुद्दा. खुरपणाऱ्या बाईचा चेहरा ओळखू येत असेल तर तिचं लेखी संमतीपत्र लागतं. कागद इंग्रजीत असतो, म्हणून नुसती सही-अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. हा फोटो उद्या कर्जाच्या जाहिरातीत दिसू शकतो, मग तो आपल्या हातात राहत नाही, हे तिला मराठीत समजावून सांगा. नाही म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर आलेल्या पैशात तिचा वाटा ठेवा. आपण हजेरी खुरपणीची देतो, चेहऱ्याची नाही.

तुमचं काय मत, खाली लिहा.