ओळ कुठे संपते?

भांडणं करणं माझ्या स्वभावात नाही. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला, तरी ‘सॉरी’ मीच म्हणतो. पण संगणकवाल्या मंडळींशी एकदा कडाकडा भांडायचं माझ्या मनात आहे, आणि तेही एका न दिसणाऱ्या गोष्टीवरून.

त्याचं असं झालं. आईला येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या २०१२ साली माझ्या भाच्याने तिच्यासमोर बसून टाइप करून घेतल्या. चांगल्या दीडशे! फाइल माझ्याकडे आली. उघडून बघतो तर दीडशे ओव्यांची मिळून एकच ओळ! मारुतीच्या शेपटासारखी लांबच लांब. एका ओवीतला विठोबा पुढच्या ओवीतल्या सासूला जाऊन चिकटलेला. भाच्याला फोन केला, तर म्हणतो, “मामा, फाइल ठीक आहे. तुमच्या संगणकाला माझी ओळ संपलेली कळत नाही.”

आता ओळ संपली हे कळायला काय वेद शिकावे लागतात?

टाइपरायटरवर हा प्रश्न नव्हता. डावीकडची दांडी ढकलली की कॅरेज मूळ जागी जायची आणि कागदही एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर या दोन कामांच्या दोन खुणा झाल्या. त्याला कारण होतं. १९६३ सालचं ‘मॉडेल ३३’ टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, पण ओळीच्या सुरुवातीला परतायला त्याला एका अक्षराचा वेळ पुरत नसे. म्हणून आधी ‘मागे जा’ ही १३ क्रमांकाची खूण, मग ‘कागद सरकव’ ही १० क्रमांकाची. दुसरी पाळली जाईतो पहिलीचं काम उरकायचं.

पुढे कॅरेज गेली, कागद गेला, खुणा राहिल्या. आजोबांनी श्राद्धाला मांजर टोपलीखाली झाकलं होतं, म्हणून नातू मांजर शोधत हिंडतो, त्यातलाच प्रकार! युनिक्सने नुसता १० ठेवला, १९८४ च्या मॅकिंटॉशने नुसता १३, डॉसने आणि त्यामागून विंडोजने दोन्ही. वाटणीत एका भावाने तांब्या घ्यावा, दुसऱ्याने भांडं, तिसऱ्याने दोन्ही. आणि पाहुणा आपला तहानलेलाच!

यावर तज्ज्ञ म्हणतात, “सोपं आहे, फाइल बदलून घ्या.” वा! घोळ तुमचा आणि निस्तरायचा आम्ही? “जुन्या फाइली अडतील,” हे दुसरं उत्तर. का अडतील? लिहिताना एकच खूण लिहा, वाचताना तिन्ही समजून घ्या. मॅक २००१ साली दहाच्या पंगतीत येऊन बसला. नोटपॅडला २०१८ साली तिन्ही खुणा कळू लागल्या. म्हणजे जमत होतं. मनावर कुणी घेतलं नव्हतं.

माझ्या ओव्या तोवर थांबणार नव्हत्या. मी त्या आईला वाचून दाखवल्या आणि ती थांबेल तिथे एंटर मारत गेलो. तिला ना तेरा ठाऊक, ना दहा. जात्याचा खुंटा हातात असल्यासारखी ती डोलत होती, आणि ओळ कुठे संपते ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं.