ठोकणार मी, बोनस जाणार तुमचा

गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही, कारण गेल्या शनिवारी मी एक गाडी ठोकली. फार काही नाही हो, 'धप्प' असा एक आवाज आणि समोरच्याच्या बंपरला एक मोठा पोचा. पण डोक्यातून विषय जाईना, म्हणून आज तोच.

तर झालं असं. सेनापती बापट रस्ता, संध्याकाळी सातची वेळ, नेहमीची रांग. पुढची गाडी सरकली, मीही सरकलो. पोचायला अजून किती मिनिटं लागणार ते बघायला एक सेकंद, खरंच एकच सेकंद, मोबाईलवरच्या नकाशाकडे पाहिलं. आता हिशोब करा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. एका हॅचबॅकच्या लांबीपेक्षा जास्त. तेवढं अंतर मी डोळे मिटल्यासारखा गेलो, आणि पुढची गाडी थांबलेली होती.

खाली उतरल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "काका, एवढा अचानक ब्रेक कशाला मारलात?" लिहितानाही लाज वाटतेय. ब्रेक अचानक वगैरे काही नव्हता. पुण्याच्या रस्त्यावर वीस वर्षं काढली की हे वाक्य आपोआप येतं, एवढंच.

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आधी मागचं दार उघडून वाकले. आत एक आजी बसल्या होत्या, मान धरून. "लागलं नाही रे बाळा, घाबरले फक्त," असं त्या मलाच म्हणाल्या. त्या एका वाक्यात माझी सगळी हवा गेली. "सॉरी काका, चूक माझी आहे," म्हणालो. मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू झालेलाच होता, त्यामुळे दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, गाड्या कडेला घेतल्या, नंबर घेतले-दिले. मग मी एकदम समजूतदार माणसासारखं म्हणालो, "काका, तुम्ही तुमच्या इन्शुरन्समधून घ्या, मी माझ्या घेतो. उगाच वाद नको."

आपल्याकडे हे वाक्य अगदी सभ्यपणाचं मानतात. रस्त्यात आरडाओरडा नाही, कॉलर धरणं नाही. पण काका शांतपणे म्हणाले, "अहो, पाच वर्षं एकही क्लेम नाही माझा. पन्नास टक्के बोनस आहे. तो का घालवू?"

घरी येऊन पॉलिसी काढली आणि (सवयीप्रमाणे) एक्सेल उघडलं.

नो क्लेम बोनस म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरतो त्यावरची सूट. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की सापशिडीतल्या ९८ वरच्या सापासारखं थेट शून्यावर. चूक कोणाची होती हे तो साप विचारत नाही.

समजा काकांचा या भागाचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे. आज ते ४,००० भरतात. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ४,००० जास्त, मग २,४००, मग २,०००, मग १,२००, मग ४००. बेरीज १०,०००. (गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता थोडा उतरतो, ते सोडून देऊ.)

आता गॅरेजचं बिल ११,८०० धरा. त्यात ४,२०० चा बंपर. प्लास्टिकच्या भागांचा घसारा ५० टक्के, म्हणजे २,१०० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,०००. हातात आले ८,७००. म्हणजे खिशातून ३,१०० आणि वर बोनसचे १०,०००, एकूण १३,१००. बिलापेक्षा १,३०० जास्त! झीरो डेप घेतलेलं असेल तर घसारा वाचतो, पण बोनस जातोच. त्याच्या संरक्षणाचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं.

म्हणजे माझ्या त्या 'समजूतदार' वाक्याचा अर्थ काय? ठोकली मी, भरा तुम्ही.

कोणी म्हणेल, थर्ड पार्टी विमा मग कशाला असतो? असतो ना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत बसतं. पण ते मिळवायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, तारखा घ्यायच्या. बंपरसाठी कोण जाणार? शिवाय पॉलिसीतच एक अट असते, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नका, पैसे द्यायचं वचन देऊ नका. म्हणजे माझ्या "सॉरी काका" वरसुद्धा कंपनी भुवया उंचावू शकते.

आणि हो, मागचाच नेहमी दोषी असंही नाही. २०१७ मध्ये कोइमतूरजवळ हायवेवर एका कारने एकाएकी ब्रेक मारला आणि मागच्या दुचाकीवरच्या विद्यार्थ्याचा पाय गेला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात कारवाल्यावर ५० टक्के जबाबदारी टाकली. पण त्या विद्यार्थ्यावरही २० टक्के ठेवलीच, पुरेसं अंतर न ठेवल्याबद्दल. सिग्नलच्या रांगेत मोबाईल बघणाऱ्याने असल्या निकालाचा आधार शोधू नये.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. किरकोळ धडक असेल, कोणाला लागलेलं नसेल आणि चूक आपली असेल, तर समोरच्याचं बिल आपण भरायचं. रस्त्यावर "दोन हजार घ्या आणि मिटवा" असं नाही, कारण तो आकडा जो जास्त ओरडतो त्याच्या बाजूने ठरतो. गॅरेजचं बिल बघून, थेट गॅरेजला. आणि हे माझ्या खिशातून, त्यामुळे नंतर कंपनीकडे मागायला जायचं नाही. मोठं नुकसान असेल तर मात्र कंपनीला लगेच कळवा, विमा त्यासाठीच आहे. आणि कोणाला लागलं असेल तर हिशोब-बिशोब नंतर, आधी डॉक्टर आणि पोलिस. कायद्याने ते ड्रायव्हरवर बंधनकारक आहे.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. बिलाचं बोलायच्या आधी आजींची मान विचारली, कारण असलं दुखणं कधीकधी रात्र उलटल्यावर उठतं. "थोडी आखडलीये, डॉक्टरांकडे नेतोय," म्हणाले. मी म्हटलं तेही बिल पाठवा. ते पाठवलं नाही त्यांनी, गॅरेजचं तेवढं पाठवलं. भरलं. माझा स्वतःचा बंपर अजून तसाच चेपलेला आहे. राहू दे थोडे दिवस.

मोबाईल आता डॅशबोर्डवर नसतो. पोचायला किती वेळ लागेल ते पोचल्यावर कळतंच की!